चढावर गरम, उतारावर गार

वऱ्हाडातल्या माणसाला गाडीच्या हीटरविषयी काही विचारलं, तर तो आधी तुमच्या कपाळाला हात लावून बघेल. जिथे उन्हाळ्यात स्टीअरिंग फडक्यानं धरावं लागतं, तिथे हीटरचं बटण म्हणजे लिंबू-मिरची अडकवायची एक सोय. मीही जन्मानं अकोल्याचा. नोकरीसाठी पुण्याला गेलो आणि तिथेच मुरलो, पण हीटरबाबतचं माझं मत काही बदललं नव्हतं. असं असूनही यंदा संक्रांतीच्या आसपास मी एका हीटरच्या मागे अकोल्यापासून पार धारणीपर्यंत गेलो आणि परत आलो.

गाडी माझ्या बहिणीची. कुसुमताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, निवृत्त मास्तरीण, अकोल्यात एकटी राहते. भाऊजी गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांची जुनी पांढरी गाडी ताई पन्नाशीत चालवायला शिकली आणि तेव्हापासून तिनं स्टीअरिंग सोडलेलं नाही. भाऊजी शेजारी बसून सुपारी कातरत.

डिसेंबरात एका सकाळी ताईनं ही गाडी अकोट रस्त्यावर कापसाच्या बैलगाडीला मागून टेकवली. कुणाला लागलं नाही. बंपरला कापूस चिकटला आणि बैलांनी मागे वळून पाहिलं, एवढंच. पण बातमी बंगळुरूला तिच्या मुलापर्यंत पोहोचली आणि निखिलनं मला फोन केला.

"मामा, आई म्हणते की काच धुकटली होती, हीटर मधेच चालतो, मधेच बंद पडतो. मला वाटतं काचेला काही झालेलं नाही, आईला दिसत नाही. डॉक्टरकडे चल म्हटलं की फोन ठेवून देते. गाडीला गिऱ्हाईक तयार आहे. तू एकदा तिच्या शेजारी बस आणि मला खरं काय ते सांग."

काच की डोळे, एवढाच प्रश्न होता. पण माझ्या उत्तरावर ताईची गाडी राहणार की जाणार हे ठरणार होतं, आणि गाडी गेली की ताईचं काय राहील हे मला माहीत होतं. मी लगेच तिकीट काढलं.

अकोला

ताई स्टेशनवर घ्यायला आली होती. शाल, त्यावर स्वेटर, पायात मोजे आणि हातात भाऊजींचं पिवळं फडकं. मी पाया पडायला वाकलो तर तिनं पाठीत धपाटा घातला.

"निखिलनं धाडलं ना तुले?"

मी संक्रांत, तिळगूळ, आठवण असं काहीबाही पुटपुटलो.

"मले शिकवू नोको. मास्तरीण होतो मी. कोन कॉपी करून राहिलं ते चेहऱ्यावरून समजते मले." आमच्याकडे बायकाही 'येतो, जातो' म्हणतात. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझ्या पुण्याच्या बायकोला हे ऐकलं की ताईऐवजी भाऊजीच बोलताहेत असं वाटतं.

स्टेशनाबाहेर आलू पोंगे खाल्ले. पुण्यात बटाटेवडा गोल आणि शिष्ट असतो. आमचा पोंगा लांब, भसाड्या आकाराचा, आणि सोबत मिरची अशी की पहिल्या घासाला कानशिलं गरम व्हावीत. ताई म्हणाली, हाच खरा हीटर. मग तिनं तोंड पुसलं आणि सरळ मुद्द्यावर आली.

"हे पाह्य मध्या. दर संक्रांतीले मी न् हे धारणीकडे जात होतो, फुलाबाईकडे. यंदाबी जाचंच हाय. तू शेजारी बस. तिथवर हीटर नीट करू. कुठी ना कुठी तं सापडनच दोष. काच साफ झाली आन् तरी मले दिसलं नाही, तं मीच किल्ली काढून तुया हातात देतो. पन दिसलं, तं निखिलचं गिऱ्हाईक तूच हाकलजो."

फुलाबाई म्हणजे ताईच्या पहिल्या नेमणुकीच्या, धारणीजवळच्या जंगलातल्या शाळेत खिचडी रांधणारी कोरकू आदिवासी बाई. तेव्हा ताई विशीतली होती आणि जंगलाला घाबरत होती. फुलाबाईनं तिला पहिलं वर्षभर आपल्या घरी झोपायला नेलं होतं. ताई ते विसरली नाही.

मी कबूल झालो. न्याय करायला आलो होतो आणि पहिल्याच सकाळी आरोपीकडूनच अटी लिहून घेतल्या.

अकोट रस्ता

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर निघालो. दोन्हीकडे तूर पिवळी पडलेली, कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या उभ्या, आणि काळ्या मातीवर दहिवर. वऱ्हाडातली थंडी आम्ही वऱ्हाडी लोक कुणाला सांगत नाही, कारण कुणी विश्वास ठेवत नाही.

अकोल्याबाहेर पडल्यावर ताई म्हणाली, "मध्या, पाट्या वाच."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी पाच-सहा वर्षांचा असताना बाबा आम्हाला एस.टी.नं अमरावतीला मावशीकडे पाठवत. ताई मला खिडकीशी बसवायची आणि वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायला लावायची. मूर्तिजापूर, बडनेरा, खतांची दुकानं, बिडीच्या जाहिराती. जोडाक्षर चुकलं की दंडाला चिमटा. मी शाळेत जाण्याआधीच वाचायला शिकलो ते त्या बसमध्ये. मावशीच्या दारात पोहोचेपर्यंत दंड लाल झालेला असायचा आणि मावशी ताईला रागवायची.

आता साठीला आलेला मी खिडकीशी बसून पुन्हा ओरडू लागलो, "चोहोट्टा! दहीहांडा फाटा! पुढे वळण आहे, वाहने सावकाश हाका!" ताई हसत होती आणि वळणावर सावकाश हाकत होती. फार दिवसांनी मी इतका सुखात होतो.

तेवढ्यात काच धुकटली, आणि धुकटली म्हणजे खरीच धुकटली. आधी खालच्या कोपऱ्यांतून पांढरं आलं आणि बघता बघता मधोमध चढलं. ताईनं हीटरचं बटण फिरवलं. पंखा घोंघावला, पण हवा आली ती कोमट. ताईनं गाडी बाजूला घेतली, फडक्यानं काच पुसली आणि माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. मला बरं वाटलं. मनातल्या मनात मी निखिलला फोनही लावून टाकला.

पुण्याच्या माणसाला थोडी मोटार-विद्या येते असा माझा समज आहे. मी डॅशबोर्डवर हुडकायला लागलो तर बाहेरची हवा आत घ्यायची खिटी जागेवरून हलेना. तिच्यावर जुना चिकटपट्टीचा तुकडा होता.

"हे कुणी केलं?"

"कोन करीन? यायनंच. धूळ येते ना बाप्पा आतमधे."

भाऊजींनी धुळीसाठी बाहेरच्या हवेची वाट कायमची बंद केलेली होती. आमच्याकडे फाल्गुनापासून मृगापर्यंत जी धूळ उडते, तिच्यासमोर हा इलाज बरोबरच आहे. पण थंडीत दोन माणसं बंद गाडीत श्वास टाकत बसली की ती वाफ जाणार कुठे? मी पट्टी सोलून काढली, खिटी सरकवली आणि काच अर्धी उजळली. मला फार अभिमान वाटला. ताई म्हणाली की अर्धेच मार्क मिळतील, कारण हवा अजून कोमटच होती.

अंजनगावला पानमळ्यांच्या हिरव्या सावल्या मागे टाकल्या, परतवाड्याला संत्र्यांची टोपली मागच्या सीटवर आली आणि आम्ही चिखलदऱ्याच्या घाटाला लागलो. इथे चमत्कार झाला. दोन-चार वळणं चढलो नाही तोच हीटर असा तापला, की स्वेटर काढून मांडीवर घ्यावा लागला. काच आरशासारखी लख्ख.

"पाह्यलं? आता कसा चालून राहिला! काही नाही झालं त्याले. मूड नव्हता त्याचा."

वर पठारावर पोहोचलो, गाडी सपाटीला लागली आणि हीटरचा मूड पुन्हा गेला.

चिखलदरा

चिखलदऱ्याला थंड हवेचं ठिकाण म्हणतात, तेव्हा महाबळेश्वर पाहिलेली माणसं हसतात. हसू देत. महाबळेश्वरला गवळ्याच्या दारात बसून कढईतली गरम रबडी द्रोणात मिळत नाही. आम्ही तलावाजवळ एका गवळ्याकडे बसलो. म्हशी धुराकडे तोंड करून रवंथ करत होत्या. रबडीला धुराचा वास होता आणि वर साय इतकी जाड की ताईनं ती बोटानं उचलून माझ्या द्रोणात टाकली, लहानपणी टाकायची तशी.

ती म्हणाली, भाऊजी इथे दर वर्षी दोन द्रोण खायचे आणि डॉक्टरला अर्धा सांगायचे. भाऊजींची आठवण मला आली ती त्यांच्या अडकित्त्याच्या न येणाऱ्या आवाजानं. गाडीत कट कट आवाज नव्हता, हे मला सकाळपासून खुपत होतं आणि काय खुपतंय ते आत्ता कळलं.

पुढे दरीच्या कठड्याशी उभे राहिलो. दुपारच्या उन्हानं धुकं उचललं होतं. समोरच्या डोंगरावर सागाची पानं गळालेली झाडं वेगवेगळी मोजता आली असती.

"धुकं काही हटून नाही राहिलं," ताई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. मग दरीकडे पाहिलं. लांब क्षितिजाशी थोडी निळसर धूसर रेघ होती, ती त्याच रेघेविषयी बोलत असेल असं मी ठरवलं. मला तसंच ठरवायचं होतं.

सेमाडोह, आणि तंबाखू

तिसऱ्या दिवशी चिखलदऱ्याहून सेमाडोहकडे उतरलो. पहाटेचं धुकं अजून झाडांत अडकलेलं आणि उताराला लागताच हीटरनं पूर्ण दगा दिला. पंखा चालू, हवा थंडगार. काच अशी पांढरी झाली की मलाही बॉनेट दिसेना. ताईनं घाईनं ब्रेक लावला आणि गाडी रस्त्याकडेच्या मुरमात थांबली. दरी दुसऱ्या बाजूला होती.

मागून एक प्रवासी जीप आली. आत माणसं, टपावर माणसं आणि एक सायकल. चालकानं उतरून आमची काच पाहिली आणि निदान केलं.

"तंबाखू चोळा."

आम्ही काही म्हणायच्या आत त्यानं खिशातली पुडी काढली, हातावर पाणी घेऊन तंबाखू मळली आणि आमच्या काचेला आतून-बाहेरून लावून दिली. पावसात म्हणे हा अक्सीर इलाज आहे. पावसात असेल. आमच्या काचेवर तपकिरी ओघळ आले आणि आत तो वास कोंडला. ताईला शिंका सुरू झाल्या, त्या थांबेचनात. जीपमधली सगळी माणसं हसली, ताईही हसली, आणि जीपवाला समाधानानं निघून गेला.

शेवटी आम्ही चारी खिडक्या उघडल्या, ताईनं कानाला मफलर बांधला आणि थंडीनं नाक गळत, नदीचे पूल ओलांडत हरिसालवरून धारणीला पोहोचलो. रस्ता अधूनमधून रस्ता होता. ताई हळू चालवत होती आणि मी पाट्या वाचत होतो.

धारणी

धारणीच्या बाजाराच्या टोकाला गजूभाऊंचं गॅरेज. गजूभाऊ बोलके आणि स्वतःवर खूश. त्यांनी बॉनेट उघडलं, दोन पाइपांना हात लावला आणि सांगून टाकलं, "हीटरची जाळी चोक हाय. पानी फिरून नाही राहिलं. धुवून देतो, झाला इषय."

जाळी धुतली. त्यातून थोडं गंजाचं पाणी निघालं, ते गजूभाऊंनी आम्हाला मुद्दाम दाखवलं. उभ्या गाडीचं इंजिन बराच वेळ रेस केलं आणि हीटरनं गरम हवा फेकली. आम्ही आनंदानं चक्कर मारायला निघालो आणि नाल्याच्या उताराला लागताच हवा पुन्हा गार.

गजूभाऊ मागच्या सीटवर डोकं खाजवत बसले. "चढावर गरम, उतारावर गार. काऊन होत अशीन असं?"

"मागच्या वर्षी नव्हतं होत," ताई म्हणाली. "याच रस्त्यानं, याच दिवसांत तं येत होतो आमी. यंदाच होऊन राहिलं."

"यंदा काय वेगळं झालं मंग?" गजूभाऊंनी सहज विचारलं.

यंदा वेगळं काय झालं ते त्यांना कोण सांगणार? मग ताई हळूच म्हणाली, "दिवाळीच्या आधी हे गाडी घेऊन सलीमभाईकडे जात. अर्धा दिवस तिकडेच. होळीच्या आधीबी तसंच. मले वाटे गप्पा मारून राहिले असतीन."

सलीमभाई म्हणजे अकोल्यातले भाऊजींचे मिस्त्री. गाडी नवी असल्यापासून त्यांच्याचकडे. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मी सगळं सांगितलं.

"भाभी हाय का बाजूले?" सलीमभाईंनी विचारलं.

"हाव, सलीमभाई. बोला."

"भाभी, साहेब दर होळीले थर्मोस्टॅट व्हाल काढून घेत आन् दिवाळीले परत बसवत. म्हनत, सलीम, उनाळ्यात इंजिनले मोकळा श्वास घेऊ दे. मी म्हनो, साहेब, काढाले नाही लागत हो. पन सुनते कोन? गेल्या होळीले काढला. दिवाळीले गाडी आलीच नाही, भाभी. मी बी कसं बोलावू? मले लाज वाटली."

वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या तोंडाशी एक लिंबाएवढी झडप असते. पाणी तापेपर्यंत ती बंद राहते आणि इंजिनाला ऊब धरू देते, तापलं की उघडते. ती काढली की पाणी सारखं रेडिएटरमधून फिरत राहतं. थंडीच्या दिवसांत सपाटीला नि उताराला ते तापतच नाही, चढाला इंजिन जोर लावतं तेव्हाच काय ते गरम होतं. बाकी जगात ही झडप कुणी ऋतूप्रमाणे काढत-घालत नसेल. आमच्या वऱ्हाडात मात्र माठ काढायचा, रजया बांधायच्या, आणि त्याच्याबरोबर गाडीचीही उन्हाळ्या-हिवाळ्याची तयारी करायची, असं आमच्या भाऊजींनी एकट्यानंच ठरवून टाकलं होतं.

"व्हाल कुठे आहे मग?" मी विचारलं.

"गाडीतच असंल. चष्म्याच्या घरात ठेवत साहेब, गुंडाळून."

ताईनं डॅशबोर्डचा कप्पा उघडला. भाऊजींचं तपकिरी चष्म्याचं घर तिथे होतं. ते तिथे आहे हे तिला माहीत होतं, पण पावसाळ्यापासून तिनं ते उघडलं नव्हतं. तिनं ते मांडीवर घेतलं, थोडा वेळ नुसतं धरलं आणि मग उघडलं. आत भाऊजींच्या जुन्या रुमालात नीट गुंडाळलेली ती पितळी झडप होती, तेल पुसून स्वच्छ ठेवलेली. सोबत सुपारीचं एक खांड.

ताई रडली. मीही रडलो. गजूभाऊ पाना शोधायला गेले आणि बराच वेळ त्यांना तो सापडला नाही.

झडप तासाभरात बसली. पॅकिंग नव्हतं, ते गजूभाऊंनी खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापून, तेलात भिजवून बसवलं. नाल्याचा उतार पुन्हा उतरलो. हवा गरमच राहिली.

संध्याकाळी फुलाबाईच्या घरी. गाव धारणीच्या जवळच आहे. समोरासमोर कुडाच्या घरांची सरळ ओळ, प्रत्येक अंगण सारवलेलं. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत समोरच्याचं आडनाव मला अजून नीट ठाऊक नाही, आणि इथे आम्ही गाडीतून उतरायच्या आत चार घरांतून खाटा आल्या. कुटकी या बारीक भरडधान्याचा भात, तुरीचं पातळ वरण आणि भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा. ताईनं तिळगूळ दिला. फुलाबाईनं तो खाल्ला आणि भाऊजींच्या नावानं एक लाडू चुलीजवळ ठेवला. मग ताईला निरखत म्हणाली, "बाई, तू माह्याकडे पाहून नाही राहिली. आवाजाकडे पाहून राहिली."

"धूर हाय ना चुलीचा," ताई म्हणाली.

"मलेबी धूरच वाटे. मंग कॅम्पात डोळ्याचं ऑपरेशन केलं. आता सुईत दोरा ओवतो मी." फुलाबाईनं विषय तिथेच सोडला आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

अंथरुणावर पडल्यावर ताई मला म्हणाली, "उद्या सकाळीच निघू. थंडीत. परीक्षा म्हनजे परीक्षा."

परतीची वाट

सकाळी गवतावर दहिवर होतं आणि आमच्या तोंडातून वाफ निघत होती. काच पांढरी झालेली होती. ताईनं इंजिन चालू केलं, थोडं थांबली आणि हीटरचं बटण फिरवलं. खालून ऊब आली. काचेच्या तळाशी दोन स्वच्छ अर्धवर्तुळं उमटली, ती मोठी होत गेली, एकमेकांना मिळाली आणि सगळी काच मोकळी झाली. भाऊजींच्या झडपेनं आपलं काम केलं होतं. मी टाळी वाजवली.

आम्ही निघालो. ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं, धुकं विरलं. उतार आला आणि गेला. हवा गरम, काच लख्ख, काचेतून दिसणारा रस्ता लख्ख. डाव्या बाजूला वानरांचा कळप ऊन खात बसला होता आणि त्यातलं एक पिल्लू आईच्या शेपटीला लोंबकळत होतं. मी ताईला दाखवणार होतो.

तेवढ्यात तिनं पिवळं फडकं उचललं आणि काच पुसली.

पिल्लू मागे पडलं. थोडं पुढे गेल्यावर तिनं पुन्हा पुसली. मग वायपर लावले. कोरड्या काचेवर ते करकरले, तेव्हा तिनं बंद केले.

"मध्या, हीटर चालू हाय ना?"

"आहे."

"हवा गरम येऊन राहिली?"

"हो."

मला वाटलं, आता तिनं आणखी काही विचारू नये. मी पुण्याला परत जावं, निखिलला सांगावं की काच खराब होती आणि नीट केली. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

"आन् काच?" तिनं विचारलं.

हिनं मला वाचायला शिकवलं होतं. हिला खोटं वाचून दाखवणं मला जमलं नाही.

"काच साफ आहे, ताई."

तिनं मान हलवली. मागेपुढे कुणी नव्हतं तरी डावा दिवा लावला, गाडी रुंद जागी घेतली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. मग खाली उतरून बॉनेटला हात लावत लावत माझ्या बाजूला आली. बॉनेट गरम होतं. त्यावर तिचा हात जरा रेंगाळला. तिनं माझं दार उघडलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"सरक तिकडे. शब्द दिला होता तुले."

मी सरकलो. ती माझ्या जागी बसली, भाऊजींच्या जागी. चष्म्याचं रिकामं घर कप्प्यातून काढून तिनं मांडीवर घेतलं.

"किल्ली तुले देली हाय, निखिलच्या गिऱ्हाइकाले नाही. डोळे करून घेतो मी, फुलाबाईसारखे. आन् होळीच्या आधी येजो. व्हाल काढाले लागते."

"सलीमभाई म्हणाले, काढायला लागत नाही."

"थे काढत होते," ताई म्हणाली. "आपनबी काढू."

मी गाडी सुरू केली. पुढची वळणं मी नजर रस्त्यावर ठेवून घेत राहिलो. काही वेळानं ताईनं समोर नजर ठेवूनच विचारलं, "काऊन चूप बसला? पाट्या वाच ना."

तेव्हा मला अकोट रस्ता आठवला. चोहोट्टा, दहीहांडा, पुढे वळण आहे. माझ्या आवाजावर तिनं घेतलेलं प्रत्येक वळण आठवलं, आणि मी लहानपणीच्या आनंदात किती मोठ्यानं ओरडत होतो तेही आठवलं.

समोर पाटी आली. मी मोठ्यानं वाचली, "हरिसाल." त्यानंतर एकही सोडली नाही. वन्य प्राणी रस्ता ओलांडतात, वाहन हळू चालवा. सेमाडोह. पुढे अरुंद पूल आहे. परतवाड्याच्या अलीकडे एका खतांच्या दुकानाच्या फलकावर जोडाक्षराशी मी अडखळलो, आणि ताईनं न बघता हात पुढे करून माझा दंड बरोबर शोधून काढला.